सात कॅसेटी ट्रनावाला

मोशी,
१४ जानेवारी २०२४

निरंजन,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून कागद घालवत नाही.

तुझं पत्र पोचलं. तीन वर्षांत पहिलं. मोजून नऊ ओळी, त्यातल्या सहा कॅसेटींच्या. वहिनी बरी आहे का, ही एक ओळ. उरलेल्या दोन तुझ्या पत्त्याच्या. तुझ्या गावाचं नाव मला म्हणता येत नाही. एकेक अक्षर बघून उतरवते, रांगोळीचे ठिपके मोजल्यासारखं.

पत्रच लिहू म्हणालास ते बरं केलंस. फोनवर मी ओरडते, तू गप्प बसतोस, मग मी फोन ठेवते आणि दोन दिवस घास गोड लागत नाही. कागदावर ओरडलेलं निदान शेजाऱ्यांना ऐकू जात नाही. अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, लागेल. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, त्याहून चांगलं निघणार नाही.

माळ्यावर चढले. हे गेल्यापासून तिथे कोणी चढलं नव्हतं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा पंख्याच्या खोक्यामागे सापडला. आत सात कॅसेटी आहेत. टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन नाही, त्याच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या तेव्हाच ते भंगारात गेलं. आता तू लिहितोस की तिकडे रविवारच्या जुन्या बाजारात तुला तसलंच मशीन मिळालं आणि ह्याच कॅसेटी त्यात बसतात. अडतीस वर्षांचा बाप्या झालास, खेळ आता.

मी आधी विटांची कॅसेट शोधली. वरून विटा पडायच्या आणि फट न ठेवता बसवायच्या, ती. मग आठवलं, मशीनबरोबर आलेली ती तू दहावीत असताना, दोन दिवसांत बिघडलेल्या एका मोटारीच्या कॅसेटीच्या बदल्यात कुणाला तरी देऊन टाकलीस. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत माझा एक डाव व्हायचा. तुम्हा दोघा भावांना मला कधी हरवता आलं नाही. आणि तू ती विचारल्याशिवाय दिलीस. मी विसरलेले नाही.

भोसरीत कुरिअरवाल्याकडे गेले. त्याने वजन केलं, सातशे ग्रॅम. मग त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं, दादा, मला कॅसेटी पाठवायच्यात, मला विमानात बसवू नका. तो हसला नाही. पुढचं गिऱ्हाईक हसलं.

आता मला एक सांग. मी चाकणच्या कंपनीत पॅकिंगला अठरा वर्षं उभी आहे. आठवड्यातून दोनदा तुझ्या देशाची पेटी माझ्या हाताने भरली जाते. गिअरचे भाग, त्यावर गंज लागू नये म्हणून कागद, त्यावर प्लास्टिक, त्यावर लाकडी पेटी. मला इंग्रजी येत नाही पण पेटीवरची देशांची नावं मी माणसांच्या तोंडासारखी ओळखते. दोन टनांचं लोखंड इथून तुझ्या दारात जातं आणि माझी पाऊण किलोची वस्तू जात नाही. एकदा मनात आलं होतं, खिळे मारायच्या आधी कोपऱ्यात डबा सरकवावा. पण पेटीचं वजन कागदावर असतं. फरक पडला तर पेटी उघडतात आणि मला घरी बसवतात.

स्वस्तातली वाट तूच शोध आणि कळव. तू शिकलेला आहेस.

कधी येणार ते लिहिलं नाहीस. विचारत नाही. लिहिलं नाहीस एवढंच लिहिते.

वहिनी

*

ट्रनावा,
११ फेब्रुवारी २०२४

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. लागलं.

कुरिअर नको. जुने गेम गोळा करणारी माणसं इथे बरीच आहेत, ती देशोदेशी कॅसेटी पाठवतात, त्यांना विचारलं. ते म्हणतात, पोस्टाचं छोटं पाकीट सगळ्यात स्वस्त. वेळ लागतो, पण पोचतं. फॉर्मवर 'भेट' लिहा आणि 'जुनं वापरलेलं खेळणं' लिहा. पंचेचाळीस युरोच्या आतल्या भेटीवर इथे कर नाही. सगळ्या एकदम पाठवू नका, आधी एक पाठवून बघा. पोचली तर बाकीच्या.

एकच विनंती. त्या जशा आहेत तशाच पाठवा. 

आणि वहिनी, मला आठ आठवतात. सात दादांनी मला आणलेल्या, आणि आठवी मी चेन्नईला नोकरीला होतो तेव्हा घरात आलेली. पण माझं चुकत असेल.

इथे थंडी आहे. कामाचं ठीक चाललंय. तुमचा गुडघा दाखवला का?

निरंजन

*

मोशी,
१० मार्च २०२४

निरंजन,

सातच आहेत. तुझं गणित आधीपासून कच्चं, डिप्लोमा कसा झालास देवाला ठाऊक.

पोस्टाच्या आधी मी आणखी एक फुकटातली वाट करून बघितली, ती ऐक. आमच्या लाइनवर दिपाली म्हणून सुपरवायझर आहे. वयाने माझ्या मुलीसारखी, म्हणजे मला मुलगी असती तर. तिची मावसबहीण दिव्या ताथवड्याच्या कॉलेजात शिकली आणि आता पुढचं शिकायला तुझ्या शेजारच्या देशात चालली आहे. दिपाली म्हणाली, "मावशी, तिच्या बॅगेत टाका, पैसाच लागायचा नाही." मी रविवारी दोन बस बदलून ताथवड्याला गेले. पोरीच्या आईने चटण्या, लोणचं, कुकर, पोळपाट असं सगळं जमिनीवर मांडलं होतं आणि वजनकाट्यावर बॅग उचलून ठेवत होती. मी कॅसेट पुढे केली. दिव्या म्हणाली, "काकू, हे काय आहे?" मी म्हटलं, गेम आहे. तिने ती खालीवर करून बघितली आणि म्हणाली, "विमानतळावर विचारलं तर मी काय सांगू? मला हे चालू करूनसुद्धा दाखवता येणार नाही." खरं होतं तिचं. तिच्या आईने पोळपाट बाहेर काढला, मी कॅसेट परत पिशवीत टाकली. चहा चांगला होता.

मग पोस्टात. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म भरून दिला. एका कॅसेटीचं पाकीट खोक्यासकट एकशे साठ ग्रॅम. कुरिअरवाल्याच्या आकड्यापुढे हे म्हणजे काहीच नाही. पण एकेकच पाठवायची, म्हणजे गेलीच तर एक जाईल.

पॅकिंग बघशील तर कळेल कोणी केलंय. कंपनीतलं टाकाऊ खोकं विचारून आणलं, फोम कापून कॅसेटीच्या मापाचा खड्डा केला. कानाजवळ धरून हलवलं. आवाज आला नाही. आमच्याकडे मशीन तपासतं ते नंतर, आधी मी कानाने तपासते.

पोचली की मिस्ड कॉल दे. उचलणार नाही, घाबरू नकोस.

गुडघा आहे जागेवर.

वहिनी

*

मोशी,
२ जून २०२४

निरंजन,

तू दोनदा फोनवर मेसेज टाकलास, "अजून आलं नाही." येणार कुठून. पंधरा दिवसांपूर्वी परत माझ्याच दारात आलं.

चूक माझी आहे, आणि लाज वाटते म्हणून लिहून टाकते. खोकं मी उलटं करून वापरलं होतं. त्याच्या तळाला कंपनीचं जुनं लेबल तसंच राहिलं होतं, चेन्नईच्या गोदामाचं. वर तुझा पत्ता, खाली चेन्नई. कुठल्यातरी मशीनने खालचं वाचलं असणार. तुझी कॅसेट चेन्नईला जाऊन, तिथे कुणालाच नको म्हणून, परत आली. तू पण आधी चेन्नईला गेलास आणि मग तिकडे. तिला तुझीच वाट माहीत होती बहुतेक.

दिपालीला सांगितलं तर ती टेबल धरून हसली. "मावशी, जुनं लेबल ठेवून पेटी पाठवली म्हणून तुम्ही नव्या पोरींना रडवता. आणि स्वतः?" मी म्हटलं, हस, तुझे दिवस आहेत.

पण धडा घेतला. आमच्याकडे नियमच आहे, वस्तूवर जुनी चिठ्ठी, जुना आकडा, जुना शिक्का काही राहता कामा नये, नाहीतर बाहेरदेशी माल अडतो. रविवारी सगळ्या कॅसेटी खाली घेऊन बसले. प्रत्येकीच्या पाठीवर काळपट पडलेली पट्टी होती, इंग्रजीत काहीबाही लिहिलेली, दुकानदाराची असणार. पात्याने खरडली, थिनरने पुसली, मग सुती कपड्याने. कॅसेटी आता अशा झाल्यात की दुकानात ठेवाव्यात. एक खूण राहू दिली नाही. तुझ्या देशातल्या साहेबाला भिंग लावून बघू दे.

पहिली कालच टाकली. नवं खोकं, विकत घेतलेलं.

इथे आमच्या गल्लीत आणखी दोन इमारती उठल्या. खिडकीतून इंद्रायणी दिसायची ती आता दिसत नाही. येशील तेव्हा घर सापडायचं नाही तुला, म्हणून लिहिते. पाण्याच्या टाकीवरून डावीकडे.

वहिनी

*

ट्रनावा,
७ जुलै २०२४

वहिनी,

कॅसेट पोचली. मिस्ड कॉल दिला होता. पॅकिंग इतकं छान होतं की उघडायला वीस मिनिटं लागली. माझ्या शेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्याने तुमचा फोम मागून घेतला, त्याला त्यात घड्याळ ठेवायचंय.

लावून बघितली. चालते. रणगाड्यांचा गेम आहे, तोच आवाज.

वहिनी, तुम्ही खरडलेल्या पट्ट्या कुठे ठेवल्या आहेत का? सहज विचारलं. टाकल्या असतील तर राहू द्या.

बाकीच्या सावकाश पाठवा. घाई नाही.

निरंजन

*

मोशी,
४ ऑगस्ट २०२४

निरंजन,

पट्ट्या कोण ठेवतं? खरडल्यावर त्याचा भुगा होतो. वर्तमानपत्रात गोळा केला आणि घंटागाडीत टाकला. तुला तिकडे बसून कचऱ्याची चौकशी सुचते, माझी नाही.

रणगाड्यांच्या गेमचा तोच आवाज म्हणालास. मला तो आवाज नको व्हायचा. नेहरूनगरची एक खोली, तुम्ही दोघं टीव्हीपुढे, आणि मी पाठीमागे भाकऱ्या थापत. मी म्हणायचे, बंद करा रे, डोकं उठलं. आता रविवारी दुपारी घरात इतकं शांत असतं की फ्रिज बंद पडून चालू झालेला कळतो.

तू सहा वर्षांचा होतास मी लग्न होऊन आले तेव्हा. सासूबाई गेलेल्या. पहिल्या दिवशी तू मला म्हणालास, "तू किती दिवस आहेस?" पाहुणी समजलास. मी म्हटलं, बघू. तू म्हणालास, "मग माझी चड्डी धू." असा तू.

दुसरी आणि तिसरी कॅसेट पाठवल्या. वेगवेगळ्या पाकिटात. पोस्टाच्या बाई आता मला बघितलं की फॉर्म काढून ठेवतात. "केसरबाई, आज कितवी?" म्हणतात. मी सांगते. मागे रांगेत एक सोपानराव म्हणून असतात, पेन्शनवाले, ते म्हणाले, मुलाला पाठवता का? मी हो म्हटलं. एवढ्या रांगेत दीर, वहिनी, सगळं कुठे समजावत बसू.

दिवाळीला येतोस का? हे मी विचारलं. आता विचारलंच.

वहिनी

*

मोशी,
२७ ऑक्टोबर २०२४

निरंजन,

सातवी पोचल्याचा तुझा मिस्ड कॉल आला. त्याआधी सहावीचा, पाचवीचा, चौथीचा. पत्र नाही. ऑगस्टपासून एक ओळ नाही.

वस्तू मिळाली, काम झालं, असंच ना? मला हे आधीच कळायला हवं होतं. चाकणच्या कांद्याच्या बाजारात पण गाडी रिकामी झाली की ड्रायव्हर निदान हात करतो.

दिवाळीचं विचारलं म्हणून गप्प बसलास का? नको येऊस. मी लाडू केलेले नाहीत. दिपालीने डब्यात आणून दिले, त्यावर भागेल.

करोनात, एकवीसच्या मे महिन्यात, हे ऑक्सिजनवर होते तेव्हा मी तुला फोनवर जे बोलले, ते तू धरून बसला आहेस. "तुझा सख्खा भाऊ चाललाय आणि तू तिकडे काय करतोस" असं मी बोलले. बोलले. माझ्या जागी तू उभा राहून बघायला पाहिजे होतंस, हॉस्पिटलच्या गेटबाहेर, हातात डबा, आत सोडत नाहीत.

पाठवायला आता माझ्याकडे काही नाही. पोस्टात काल उगीच जाऊन आले. बाईंनी फॉर्म काढला, मी म्हटलं, नको, संपल्या.

केसर

*

ट्रनावा,
१७ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

नमस्कार. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं आहे. पाचव्यांदा जे होईल ते पाठवतो.

तुम्ही बोललात ते मी धरून बसलेलो नाही. तुम्ही बोलला नसतात तरी मी स्वतःला तेच बोलत होतो. त्या दिवसांत मी तिकिटासाठी तीन दिवस फोन करत होतो. विमानं बंद होती. एक मिळत होतं, दुबईपर्यंत. पुढे नाही. मी ते घेतलं नाही. मला वाटलं, मध्येच अडकलो तर इकडचीही नोकरी जाईल. दादा गेले त्या सकाळी मी शिफ्टला होतो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी तेव्हा सांगितलं होतं की मी घरी होतो.

म्हणून मी येत नाही. तुमच्या तोंडाला भिऊन नाही. घरात शिरल्यावर त्यांच्या खुर्चीकडे कसं बघायचं ते मला कळत नाही.

आता कॅसेटींचं. तुम्हाला वाटेल मी त्यामुळे रुसलो. तसं नाही, पण खरं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पाठीवरच्या पट्ट्या दुकानदाराच्या नव्हत्या. त्या दादांच्या होत्या. दादा कंपनीत टूलरूमला होते. तिथे प्रत्येक हत्याराला एक चिकटपट्टी लावायची, त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत नाव, तारीख, आणि तपासून झालं की खाली ओके. दादांना तेवढंच इंग्रजी लिहिता यायचं, पण त्या अक्षरांची त्यांना मोठी ऐट होती. मी पाचवी पास झालो तेव्हा त्यांनी पहिली कॅसेट आणली आणि तशीच पट्टी लावली. 'निरू, फिफ्थ पास, ओके.' मग सिक्स्थ, सेव्हंथ, अशी टेन्थपर्यंत. सातव्या कॅसेटीवर डिप्लोमा. टेन्थच्या वेळी गणितात मला पस्तीस होते, तर ओकेच्या पुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. आम्ही दोघं त्यावर खूप हसलो होतो. तुम्ही भाकऱ्या करत होतात.

माझ्याकडे त्यांच्या हाताचं लिहिलेलं काही नाही. फोनवर बोलायचे, लिहायचे नाहीत. गेलं वर्षभर मला फक्त ती अक्षरं बघायची होती. रविवारच्या बाजारातलं मशीन नंतर मिळालं, कारण सांगायला बरं म्हणून घेतलं.

मी आधीच का सांगितलं नाही? सांगायचं तर दादांचं नाव काढावं लागलं असतं, आणि तुम्ही आणि मी ते काढत नाही. फक्त 'जशा आहेत तशा' एवढंच लिहिलं. ते पॅकिंगवाल्या माणसाला कमी पडलं. चूक तुमची नाही.

कॅसेटींच्या पाठीवरून बोट फिरवलं की पट्टीच्या जागी थोडं खरखरीत लागतं. तुमचं पातं लागलं असेल. मी तिथे बोट फिरवतो. पुष्कळ झालं.

आठवी हरवली असेल तर तिचाही शोध घेऊ नका. तिच्यावर काय होतं ते मी कधी बघितलं नाही, त्यामुळे तिचं वाईट वाटत नाही.

निरंजन

*

मोशी,
१५ डिसेंबर २०२४

निरंजन,

पत्र वाचून मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गॅस बंद केला. भाजी लागली होती.

मोशीत कचऱ्याचा डोंगर आहे तो तुला माहीत आहे. अख्ख्या शहराच्या घंटागाड्या तिथेच रिकाम्या होतात. वारा इकडचा असला की वास घरात येतो, आम्ही शिव्या देऊन खिडक्या लावतो. तुझी पाचवी ते डिप्लोमा त्यात आहे. परवा वास आला तेव्हा मी खिडकी लावली नाही.

अठरा वर्षं लोकांच्या पेट्यांवरची जुनी लेबलं खरडली. एकाही वेळी मनात आलं नाही की कुणीतरी ती हाताने लिहिली असतील. ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर मी भाकरी उलटत असेन आणि "बरं बरं" म्हणाले असेन. तू माफ केलंस ते वाचलं. मला काही करता येत नाही त्या माफीचं.

आता माझं ऐक. मी खोटं बोलले. आठवी आहे.

तू जानेवारीत मागितल्यास त्याच दिवशी मी सगळ्यात वरची एक वेगळी काढली आणि पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या लुगड्यांखाली ठेवली. सगळ्या पाठवल्या की तुला माझं काय काम राहणार? एक राखून ठेवली तर कधीतरी तुला आठवेल, तू मागशील, मी पाठवणार नाही, मग तुला यावं लागेल. एवढी साधी अक्कल लावली. जायची नव्हती म्हणून तिला पातं लावलं नाही. पट्टी आहे.

तुझं पत्र आल्यावर ती काढली. बघितली. ह्यांचं अक्षर. आता मला ते हत्यारासारखं दिसलं, ठोकून बसवलेलं. पण वाचता येईना. मला वाटलं 'निरू' असेल, पण ते आकाराने मोठं होतं. एक अक्षर तर आमच्या पेट्यांवर कोरियाच्या पुढे असतं तसं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत दिपालीपुढे ठेवली. म्हटलं, वाच, आणि हसलीस तर बघ. तिने हात पुसले. वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, ह्याच्यावर तर तुमचं नाव आहे."

मी म्हटलं, नीट वाच.

तिने बोट ठेवून वाचलं. "केसर. पास. खाली ब्रिक गेम. मग तारीख, दोन हजार सहा. आणि ओके."

दोन हजार सहा साली मी कंपनीत लागले. तीन महिने कच्चं ठेवलं होतं. शेवटी परीक्षा घेतली, एक रिकामी पेटी आणि पंचवीस वेगवेगळ्या मापांचे भाग, फट न ठेवता भरायचे. चौथी सोडल्यानंतरची माझी पहिली परीक्षा. बावीस बायकांत आम्ही तिघी पास झालो. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे सायकल काढून बाहेर गेले. परत आले ते हातात कॅसेट. मी म्हटलं, पैसे वर आलेत का? निरू चेन्नईला, मशीन बंद पडलेलं, खेळणार कोण? वर चित्र पण मोटारीचं होतं, मला वाटलं तुझीच; असल्या कॅसेटींवर चित्र एक आणि आत गेम दुसराच असायचा, हे विसरले. हे हसले. टेबलावर बसून पाठीवर काहीतरी चिकटवलं, डब्यात टाकली आणि डबा माळ्यावर ठेवला. म्हणाले, "मशीन दुरुस्त करू." दुरुस्त झालं नाही. मीही विचारलं नाही. स्वयंपाक होता.

अठरा वर्षं माझी कॅसेट माझ्या डोक्यावर माळ्यावर पडली होती आणि मी तुझ्यावर रुसले होते विटांच्या कॅसेटीसाठी.

दिपालीने विचारलं, पाठवताय का ही? मी नाही म्हटलं. पोस्टाच्या बाईंना पण सांगून आले, वाट बघू नका.

निरंजन, तू विमान घेतलं नाहीस हे वाचलं. शिफ्टला होतास हेही वाचलं. मी तुला जे बोलले ते मला तेव्हाही माहीत होतं की खरं नाही. विमानं बंद आहेत हे टीव्हीवर दिसत होतं. मला गेटबाहेर कुणाला तरी बोलायचं होतं, आणि माझं म्हणावं असं बोलण्यासारखं तूच एक होतास.

खुर्चीचं म्हणतोस, तर त्या खुर्चीवर मी कपड्यांचा ढीग ठेवते. तुला बघायचीसुद्धा गरज पडणार नाही.

ही आठवी मी पाठवणार नाही. स्वस्त नाही, महाग नाही, कुठल्याच वाटेने नाही. ती तुझी नाही, माझी आहे, वर लिहिलेलं आहे. पण माझ्याकडे मशीन नाही आणि तुझ्याकडे आहे. तर ते घेऊन ये. त्या सात पण आण, आणि पेटीत भरू नकोस, हातातल्या पिशवीत आण. विमानतळावर कुणी विचारलं काय आहे, तर तुला सांगता येईल.

कुकर लावून ठेवीन. तीन शिट्ट्या होईपर्यंत एक डाव.

पाण्याच्या टाकीवरून डावीकडे.

वहिनी